रिमोट डेस्कटॉपची कॅल: आधी मोजा, मग विकत घ्या

रिमोट डेस्कटॉप सर्व्हर, म्हणजे अनेक जण आपापल्या यंत्रावरून जोडून ज्यावर काम करतात तो सर्व्हर, पहिल्यांदा उभा करणाऱ्या अनेकांना एक फोन येतो, आणि तो साधारण चार महिन्यांनी येतो. मला आलेला फोन एका कर सल्लागारांच्या कार्यालयातून होता. तारीख १९, दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-३बी भरायची शेवटची मुदत, आणि सकाळपासून एकालाही टॅलीत शिरता येत नव्हतं. पडद्यावर संदेश एवढाच की लायसन्स देणारा रिमोट डेस्कटॉप लायसन्स सर्व्हर उपलब्ध नाही, म्हणून जोडणी तोडली. सर्व्हर धडधाकट होता, नेटवर्कही ठीक होतं. फक्त लायसन्सशिवाय चालण्याची १२० दिवसांची सवलत संपली होती. सर्व्हर बसवणारा मुलगा माझ्याकडेच काम शिकलेला, आणि हा भाग मी त्याला कधी शिकवलाच नव्हता. तेव्हा शिकवायचा राहिलेला धडा इथे सविस्तर लिहितो.

कॅल म्हणजे नेमकं काय

कॅल म्हणजे क्लायंट अ‍ॅक्सेस लायसन्स. सर्व्हर वापरण्याची ही परवानगी माणसाच्या किंवा यंत्राच्या नावावर असते. नवख्यांचा गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण परवानग्या एकावर एक अशा तीन थरांत लागतात.

पहिला थर खुद्द विंडोज सर्व्हरचं लायसन्स. ते प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात, आणि सर्व्हर कितीही छोटा असला तरी किमान १६ कोअरचं घ्यावं लागतं. दुसरा थर विंडोज सर्व्हरची साधी कॅल, जी फाइल शेअर वापरणाऱ्यालाही लागते. तिसरा थर आरडीएस कॅल, म्हणजे रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसची कॅल. सर्व्हरवर स्वतःचं सत्र उघडून काम करणाऱ्याला दुसरा आणि तिसरा हे दोन्ही थर लागतात. आरडीएस कॅल घेतली म्हणून साधी कॅल माफ होत नाही. कोटेशनमध्ये हा दुसरा थर बहुतेक वेळा गाळलेला असतो. विक्रेत्याला तो स्पष्ट विचारा.

‘पण सर्व्हरला दोन जण तर फुकट जोडता येतात ना?’ हा प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं. जोडता येतात, पण सर्व्हरची देखभाल करायला. अपडेट टाकणं, डिस्क तपासणं, युजर बनवणं यासाठी एका वेळी दोन प्रशासकीय सत्रं कॅलशिवाय चालतात. त्याच दोन सत्रांत अकाउंटंट बसवून व्हाउचर मारायला लावले तर तो कराराचा भंग होतो. विंडोज १० किंवा ११ प्रोवर फाइलमध्ये फेरफार करून एकाच वेळी चार-पाच जणांना आत घेण्याचे उपायही बरेच फिरत असतात. तेही कराराबाहेरचे आहेत, आणि एखाद्या मंगळवारी रात्री आलेलं अपडेट असा उपाय कधी बंद पाडेल याचा भरवसा नाही.

पहिली पायरी: डोकी मोजा, मग यंत्रं मोजा

एक कागद घ्या आणि दोन रकाने करा. डावीकडे सर्व्हरवर कधी ना कधी काम करणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव. उजवीकडे ज्या ज्या यंत्रावरून ते काम करतात ते प्रत्येक यंत्र: कार्यालयातला पीसी, घरचा लॅपटॉप, थिन क्लायंट (सर्व्हरला जोडण्यापुरतंच छोटं यंत्र), साहेबांचा टॅब्लेट, सगळं.

‘एका वेळी किती’ हा हिशेब इथे चालत नाही. आमच्याकडे पंधरा जण आहेत पण एका वेळी आठच लॉगिन असतात, म्हणून आठ कॅल पुरतील, असं ग्राहक हमखास म्हणतो. पुरत नाहीत. पर युजर कॅल माणसाच्या नावावर असते. पंधरा माणसं असतील तर पंधरा कॅल, मग ती पाळीपाळीने येवोत की एकदम. ‘ऑफिस१’ नावाचा एकच युजर बनवून तो पाच जणांना वाटला तरी कॅल पाचच लागतात. मोजली जातात ती माणसं, लॉगिनची नावं नव्हेत.

आता दोन्ही रकान्यांची बेरीज शेजारी ठेवून बघा. कर सल्लागाराच्या कार्यालयात बारा माणसं असतील आणि प्रत्येक जण ऑफिसातून, घरातून, हंगामात क्लायंटकडे बसूनही जोडत असेल, तर यंत्रं तीसपर्यंत सहज जातात. तिथे पर युजर घ्यायची, बारा. याउलट पुण्यातलं एखादं कॉल सेंटर घ्या. वीस खुर्च्या, वीस पीसी, तीन पाळ्या, एकूण साठ माणसं. तिथे पर डिव्हाइस, म्हणजे यंत्राच्या नावावरची कॅल, घेतली तर वीस कॅलमध्ये काम होतं, पर युजर घेतली तर साठ लागतात. कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर, हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर, जिथे यंत्र एका जागी असतं आणि माणसं बदलतात, तिथे पर डिव्हाइसच स्वस्त पडते.

माणूस नोकरी सोडून गेला तर त्याची कॅल त्याच्या जागी आलेल्याला कायमची देता येते. कोणी रजेवर असेल तर तेवढ्यापुरती बदली माणसालाही देता येते. मात्र रोज सकाळी एकाची आणि दुपारी दुसऱ्याची असं फिरवता येत नाही.

दुसरी पायरी: डोमेन आहे की वर्कग्रुप?

हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचा आहे. डोमेन म्हणजे सगळे युजर आणि यंत्रं एका जागेवरून सांभाळण्याची व्यवस्था, आणि तिची नोंदवही म्हणजे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी. वर्कग्रुपमध्ये प्रत्येक यंत्र आपापले युजर स्वतःच सांभाळतं. आपल्याकडच्या छोट्या कार्यालयांत अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी क्वचितच असते. दहा-पंधरा पीसी, एक सर्व्हर, सगळे वर्कग्रुपमध्ये. पर युजर कॅल कोणाला दिली याची नोंद अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतल्या युजर अकाउंटवर होते. डोमेनच नसेल तर ती नोंद ठेवायला जागाच उरत नाही. विंडोज सर्व्हर २०१९ पासून सर्व्हर याबाबत कडक झाला आहे. वर्कग्रुपमधल्या सेशन होस्टवर, म्हणजे लोक ज्यावर सत्र उघडतात त्या सर्व्हरवर, पर युजर मोड लावला की लायसन्समध्ये अडचण आहे, ६० मिनिटांत जोडणी तुटेल, असा इशारा येतो आणि खरोखर तासाभराने माणूस बाहेर फेकला जातो.

म्हणजे वर्कग्रुपमध्येच राहायचं असेल तर पर डिव्हाइस घ्या. पहिल्या पायरीत पर युजर स्वस्त निघाली असेल, तर आधी डोमेन उभं करा आणि मग कॅल घ्या. बारा माणसं आणि तीस यंत्रं असलेल्या कार्यालयाला मी डोमेनच सुचवतो. अठरा जादा कॅलच्या पैशापेक्षा डोमेन कंट्रोलरसाठी, म्हणजे डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरसाठी, एक छोटं व्हर्च्युअल मशीन परवडतं, शिवाय पासवर्डची शिस्तही एका जागी येते. डोमेन कंट्रोलर आणि सेशन होस्ट मात्र एकाच विंडोजवर ठेवू नका. कर्मचारी दिवसभर ज्या मशीनवर ब्राउझर उघडून बसतात, तिथे अख्ख्या कार्यालयाच्या किल्ल्या असू नयेत.

तिसरी पायरी: आवृत्ती जुळवून खरेदी

नियम असा: नव्या आवृत्तीची कॅल जुन्या सेशन होस्टवर चालते, जुनी कॅल नव्यावर चालत नाही. २०२२ ची कॅल असलेला माणूस २०१९ आणि २०१६ च्या सर्व्हरवर जाऊ शकतो. २०१९ ची कॅल घेऊन २०२२ वर जाता येत नाही. लायसन्स सर्व्हरची, म्हणजे कॅल साठवून वाटणाऱ्या सर्व्हरची, आवृत्तीही कॅलच्या आवृत्तीइतकी किंवा तिच्याहून नवी ठेवा. पुढच्या दोन वर्षांत सर्व्हर बदलायचा विचार असेल तर आजच नव्या आवृत्तीची कॅल घेणं शहाणपणाचं. विंडोज सर्व्हर २०१६ चा वाढीव सपोर्ट जानेवारी २०२७ मध्ये संपतो, त्यामुळे त्यावर नवा डोलारा उभारू नका.

ऑनलाइन बाजारात मूळ किमतीच्या किरकोळ अंशात पन्नास कॅलची ‘की’ विकणारे भेटतात. ती की कधी कधी चालतेही. पण तिच्यामागे तुमच्या संस्थेच्या नावाचा कागद नसतो, आणि ऑडिटमध्ये कागद दाखवावा लागतो. जीएसटी बिलासह आणि ग्राहकाच्या स्वतःच्या नावावरच खरेदी करा. व्हेंडरच्या नावावर घेतलेलं लायसन्स व्हेंडर बदलला की अडकतं. असं अडकलेलं सोडवण्यात मी स्वतः कित्येक दिवस घालवले आहेत.

चौथी पायरी: दोन रोल बसवा

रोल म्हणजे सर्व्हरला नेमून दिलेलं काम. सर्व्हर मॅनेजर उघडा आणि अ‍ॅड रोल्स अँड फीचर्स घ्या. डोमेन असेल तर रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस इन्स्टॉलेशन हा पर्याय निवडता येतो, तो सत्रं योग्य सर्व्हरकडे पाठवणारा ब्रोकर आणि ब्राउझरमधून जोडण्याचा वेब अ‍ॅक्सेसही बसवतो. वर्कग्रुपमध्ये तो चालत नाही. तिथे रोल-बेस्ड इन्स्टॉलेशन घेऊन रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसखालच्या दोनच खुणा करा: रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट आणि रिमोट डेस्कटॉप लायसन्सिंग. छोट्या कार्यालयात दोन्ही रोल एकाच सर्व्हरवर असले तरी चालतात. सेशन होस्ट एकाहून जास्त असतील तर लायसन्सिंग वेगळ्या सर्व्हरवर ठेवा. एकच लायसन्स सर्व्हर सगळ्यांना पुरतो.

रोल बसल्यावर सर्व्हर रीस्टार्ट झाला की १२० दिवसांची सवलत मिळते. या काळात लायसन्स सर्व्हरशिवायही सगळं सुरळीत चालतं, आणि घात होतो तो इथेच. काम चालू आहे, ग्राहक खूश आहे, बिल निघालं आहे, त्यामुळे पुढच्या पायऱ्या ‘नंतर करू’मध्ये जातात. रोल बसवला त्याच दिवशी पुढच्या तीन पायऱ्या पूर्ण करूनच सर्व्हर ताब्यात द्या. कॅल यायला वेळ असेल तर तारीख कागदावर लिहून ग्राहकाची सही घ्या.

पाचवी पायरी: लायसन्स सर्व्हर जागा करा

टूल्समधून रिमोट डेस्कटॉप लायसन्सिंग मॅनेजर उघडा. सर्व्हरच्या नावावर लाल खूण दिसेल. राइट क्लिक करून अ‍ॅक्टिव्हेट सर्व्हर घ्या. इंटरनेट असेल तर ऑटोमॅटिक कनेक्शन सोपं. सर्व्हरला इंटरनेट दिलेलं नसेल तर वेब ब्राउझरचा पर्याय घ्या. त्यात मॅनेजर तुम्हाला एक लांबलचक सर्व्हर आयडी देतो, तो दुसऱ्या पीसीवरून मायक्रोसॉफ्टच्या साइटवर भरायचा आणि तिथून आलेला क्रमांक इकडे आणून टाकायचा. नाव, कंपनी आणि देश विचारतील तिथे ग्राहकाची खरी माहिती भरा. पुढे कॅल दुसऱ्या सर्व्हरवर न्यायची वेळ आली तर हीच माहिती विचारली जाते.

मग इन्स्टॉल लायसन्सेस. इथे लायसन्स प्रोग्राम विचारतात. २५ अक्षरी की मिळाली असेल तर लायसन्स पॅक निवडा. करार क्रमांक मिळाला असेल तर त्या कराराचा प्रकार निवडा. करारातून घेतलेल्या कॅलसाठी आवृत्ती, पर युजर की पर डिव्हाइस आणि संख्या तुम्हीच भरायची असते. घाईत यादीतली वरची आवृत्ती तशीच राहू देऊ नका, पुढे ती निस्तरण्यात अर्धा दिवस जातो.

डोमेन असेल तर आणखी एक काम बाकी राहतं. मॅनेजरमध्ये रिव्ह्यू कॉन्फिगरेशन उघडा. लायसन्स सर्व्हर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतल्या टर्मिनल सर्व्हर लायसन्स सर्व्हर्स या गटाचा सदस्य नसेल तर तिथे पिवळी खूण असते. त्याला त्या गटात घातल्याशिवाय पर युजरच्या नोंदी युजर अकाउंटवर लिहिल्या जात नाहीत. ‘टर्मिनल सर्व्हर’ हे नाव बघून बिचकू नका. २००९ मध्ये सर्व्हर २००८ आर२ येईपर्यंत या साऱ्या प्रकाराचं नाव टर्मिनल सर्व्हिसेस होतं, गटाचं नाव तेवढं जुनंच राहिलं.

सहावी पायरी: सेशन होस्टला पत्ता सांगा

लायसन्स सर्व्हर चालू आहे, कॅल भरल्या आहेत, तरी १२० दिवसांनी बंद पडलेले सर्व्हर मी पाहिले आहेत. कारण सेशन होस्टला कोणी सांगितलंच नव्हतं की लायसन्स कुठे मागायचं. दोन्ही रोल एकाच सर्व्हरवर असले तरी हे सांगावं लागतं.

वर्कग्रुपमध्ये जीपीएडिट डॉट एमएससी उघडा. डोमेनमध्ये हीच सेटिंग सेशन होस्टच्या ओयूवर (डोमेनमधल्या त्याच्या कप्प्यावर) ग्रुप पॉलिसीने लावा. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट, लायसन्सिंग, असं उतरत जा. तिथल्या दोन सेटिंग भरायच्या. एकीत लायसन्स सर्व्हरचं नाव किंवा आयपी द्या. दुसरीत मोड द्या, पर डिव्हाइस किंवा पर युजर. मोड भरलेल्या कॅलशी जुळलाच पाहिजे. होस्टचा मोड पर डिव्हाइस आणि भरलेल्या कॅल पर युजर, असं झालं तर कॅल नसल्यासारखंच आहे. मग जीपीअपडेट स्लॅश फोर्स चालवा, आणि जमलं तर एक रीस्टार्ट द्या.

सातवी पायरी: डायग्नोझरला विचारा

रिमोट डेस्कटॉप लायसन्सिंग डायग्नोझर हे साधन टूल्समध्येच असतं. ते सेशन होस्टवर उघडा. मोड कोणता आहे, लायसन्स सर्व्हर सापडला का, किती कॅल उपलब्ध आहेत, हे ते साध्या भाषेत सांगतं. लायसन्स सर्व्हर सापडत नसेल तर पहिला संशय फायरवॉलवर घ्या. दोन सर्व्हरमध्ये आरपीसीचा (दुसऱ्या यंत्रावरच्या सेवेला हाक मारण्याच्या पद्धतीचा) १३५ पोर्ट आणि ४९१५२ ते ६५५३५ हे बदलते पोर्ट मोकळे लागतात. डायग्नोझरमध्ये एकही तक्रार दिसत नाही तोवर काम पूर्ण झालं असं समजू नका.

पर डिव्हाइस आतून कशी चालते

हे कळलं की निम्म्या तक्रारी समजायला लागतात. एखादा पीसी पहिल्यांदा जोडतो तेव्हा त्याला ९० दिवसांचं तात्पुरतं लायसन्स मिळतं. माणसाने यशस्वी लॉगिन केलं आणि तोच पीसी पुन्हा जोडला, की तात्पुरत्याच्या जागी पूर्ण लायसन्स येतं. तेही कायमचं नसतं. त्याला ५२ ते ८९ दिवसांमधली कुठलीतरी मुदत असते, आणि संपायच्या सात दिवस आधीपासून जोडताना ते आपोआप नवं होतं. पीसी भंगारात गेला तर त्याची कॅल मुदत संपल्यावर आपसूक साठ्यात परत येते.

यातून दोन गोष्टी निघतात. साहेबांनी एकदाच गंमत म्हणून मुलाच्या फोनवरून लॉगिन केलं आणि पुन्हा जोडलं, तर तो फोन दोन-तीन महिने एक कॅल अडवून बसतो. घाई असेल तर मॅनेजरमधून ती परत घेता येते, मात्र त्या आवृत्तीच्या एकूण पर डिव्हाइस कॅलपैकी जास्तीत जास्त २० टक्केच अशा परत घेता येतात. आणि साठा संपला तरी नव्या पीसीला ९० दिवसांचं तात्पुरतं मिळतच राहतं. म्हणजे कमतरता आज पडते आणि बोंब तीन महिन्यांनी होते. म्हणून महिन्यातून एकदा मॅनेजर उघडून तात्पुरत्या लायसन्सची यादी बघा. तिथे नावं साचत असतील तर ऑर्डर देण्याची वेळ झाली आहे.

पर युजरचं उलट आहे. तिथे संख्या ओलांडली तरी सर्व्हर साधारणपणे अडवत नाही, पण करार तर मोडलेलाच असतो. मॅनेजरमधून पर युजर वापराचा अहवाल काढता येतो. तो काढा आणि पहिल्या पायरीतल्या कागदाशी ताडून बघा.

बंद पडलंच तर

१२० दिवस संपून सगळे अडकले असतील तर घाबरू नका. तुमच्या पीसीवरून एमएसटीएससी स्लॅश अ‍ॅडमिन असा आदेश देऊन जोडा. देखभालीचं सत्र कॅलशिवाय उघडतं. आत जाऊन पाचवी ते सातवी पायरी करा. त्या १९ तारखेला ग्राहकाकडे कॅल विकत घेतलेल्या होत्या, बिलाच्या फाइलमध्ये पडून होत्या. भरायला तासही लागला नाही, आणि रिटर्न वेळेत गेलं.

सवलतीचे दिवस पुन्हा १२० करायला रजिस्ट्रीतली एक नोंद पुसण्याचा उपाय कोणीतरी सांगेलच. तो करू नका. तो कराराचा भंग आहे, आणि ग्राहकाच्या सर्व्हरवर तुमच्या हाताने केलेला असतो.

एकाच पीसीवर अडचण असेल, बाकीचे ठीक असतील, तर त्या पीसीच्या रजिस्ट्रीत सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट यांच्याखाली एमएसलायसन्सिंग नावाची की असते. तिची प्रत काढून ठेवा, मग ती पुसा आणि रिमोट डेस्कटॉप कनेक्शन एकदा ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडून जोडा. की नव्याने तयार होते. साध्या युजरने उघडलं तर तिथे लिहिण्याची परवानगी नसते, म्हणून हा आग्रह.

शेजारची लायसन्सं आणि सुरक्षा

आरडीएस कॅल फक्त दार उघडते. आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं लायसन्स वेगळं. टॅलीचं सिल्व्हर एका युजरसाठी असतं, अनेकांना काम करायचं तर गोल्ड लागतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ चं ऑफिस सर्व्हरवर टाकायचं तर एकाच यंत्रावर अनेकांना ऑफिस वापरू देणारं शेअर्ड कॉम्प्युटर अ‍ॅक्टिव्हेशन असलेली योजना हवी. बिझनेस प्रीमियममध्ये ते आहे, बिझनेस स्टँडर्डमध्ये नाही. हे आधी बघितलं नाही तर वर्षभराचं ऑफिस घेऊन ते सर्व्हरवर सुरूच होत नाही.

जुलै २०२४ मध्ये याच लायसन्सिंग सेवेत सीव्हीई-२०२४-३८०७७ (सुरक्षा त्रुटींच्या जाहीर यादीतला क्रमांक) ही अतिगंभीर त्रुटी दुरुस्त झाली. लॉगिन न करता बाहेरून सर्व्हरवर कोड चालवता येईल अशी ती होती, तीव्रता १० पैकी ९.८. म्हणून लायसन्स सर्व्हरलाही दर महिन्याची अपडेट द्या, आणि जिथे लायसन्स सर्व्हर म्हणून काम नाही तिथला लायसन्सिंग रोल काढून टाका. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट राउटरवरून थेट इंटरनेटला उघडणं तर आजच बंद करा. बाहेरून येणाऱ्यांसाठी व्हीपीएन ठेवा किंवा ४४३ वरून चालणारा आरडी गेटवे, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं सुरक्षित प्रवेशद्वार.

जाताना फाइलमध्ये ठेवायचा कागद

त्यावर लायसन्स सर्व्हरचं नाव आणि आयडी, कॅलची आवृत्ती, प्रकार आणि संख्या, करार क्रमांक किंवा की, बिलाची प्रत, अ‍ॅक्टिव्हेट करताना भरलेलं नाव, आणि डायग्नोझरचा स्वच्छ स्क्रीनशॉट तारखेसह. सर्व्हरची डिस्क गेली आणि विंडोज नव्याने टाकावं लागलं तर याच कागदावरून मॅनेजरमधल्या मॅनेज लायसन्सेसने कॅल नव्या सर्व्हरवर आणता येतात, किंवा मायक्रोसॉफ्टच्या क्लिअरिंगहाउसकडून (लायसन्सच्या नोंदी ठेवणाऱ्या विभागाकडून) पुन्हा मिळवता येतात. एक प्रत ग्राहकाकडे द्या आणि एक तुमच्याकडे ठेवा. सर्व्हरवर ठेवलेली प्रत मोजू नका, कारण हा कागद लागेल तेव्हा तो सर्व्हर बंद असेल.